चर्चभोवतीची फेरी

प्रवचन चालू असताना ते उठत. खोकल्याचं निमित्त नाही, फोन आल्याचं सोंग नाही. छत्री उचलायची, बाकाच्या कडेने सरकायचं आणि बाजूच्या दाराने बाहेर पडायचं. मग चर्चला एक फेरी. मागच्या भिंतीला लागून, पाण्याच्या टाकीजवळून, पुढच्या अंगणातून, आणि मुख्य दाराने परत आत. ज्या जागेवरून उठले तिथेच येऊन बसत, छत्री उभी करत आणि प्रवचन देणाऱ्या पाळकांकडे बघत, जणू म्हणत, हं, चालू द्या.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मधुमेह असावा.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि माझी बदली डहाणूला झाली होती. नव्या गावात गेले की मी एक यादी करते: दूधवाला, डॉक्टर, गॅस, चर्च. या वेळी चर्चपुढे प्रश्नचिन्ह होतं. आधीच्या गावात आमच्या मंडळीत दोन गट पडले, एकाने दुसऱ्याला बाहेर ठेवून दाराला कुलूप लावलं आणि नाताळची उपासना आम्ही रस्त्यावर उभं राहून केली. त्यामुळे डहाणूला येताना ठरवूनच आले होते. बसायचं, गायचं, घरी जायचं. कोणाच्या भानगडीत पडायचं नाही.

वर्षभरात मी पंचांच्या समितीची चिटणीस झाले. माझं अक्षर बरं आहे आणि मी बैठका वेळेत संपवते. एवढं कोणत्याही चर्चला पुरतं.

मधुमेहाचा गैरसमज शेजारी बसणाऱ्या बाईंनी दूर केला. "काका खोटं ऐकलं की उठतात," त्या म्हणाल्या. खोटं म्हणजे शास्त्रातली चूक नव्हे. तिकडे ते दुर्लक्ष करत. पण वेदीवरून कोणी "आपण सगळे एक कुटुंब आहोत" म्हणालं की छत्री हललीच. "कोणाच्याही मनात काही नाही" या वाक्यालाही ते हमखास उठत. वार्षिक अहवालाच्या दिवशी तर ते बसलेले कमीच दिसत.

पंचांनी मला सांगितलं, तुम्ही व्यवस्थित बोलता, तुम्हीच त्यांना समजवा. म्हणून मी घोलवडला गेले.

तिथे त्यांची चिकूच्या कलमांची रोपवाटिका होती. वडील मिशनच्या बंगल्यावर माळी होते, त्यांच्याकडून काका कलमं शिकले. त्यांच्या खिशात कायम सुतळी असे आणि जे सुटेल ते ते बांधून टाकत. चष्म्याची काडी, चर्चचा माइक, बाजाच्या पेटीचं झाकण. रोपं विकायची त्यांची पद्धत म्हणजे आधी गिऱ्हाईक पारखायचं. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुम्ही घाईच्या आहात. तुम्ही केळ लावा."

"मी रोप घ्यायला आले नाही, काका."

"ठाऊक आहे. पंचांनी पाठवलंय. बसा. उभ्याने आणलेला निरोप मी घेत नाही."

मी एका उलट्या कुंडीवर बसले. समोर बांबूचं मचाण होतं आणि मचाणावर कुंड्या ओळीने बांधल्या होत्या, थेट चिकूच्या जुन्या झाडाच्या फांद्यांपाशी. याला भेटकलम म्हणतात. कुंडीत रायणीचं, इथल्याच एका रानझाडाचं, रोप असतं, कारण चिकूला मूळ रायणीचं लागतं. ते रोप फांदीपर्यंत उचलायचं, दोघांची थोडी थोडी साल सोलायची आणि जखमेला जखम लावून बांधायचं. मग महिनोन्महिने थांबायचं. दोन्ही आपापल्या मुळांवर जगत असतात आणि मधे सांधा धरत असतो.

"काका, तुम्ही मधेच उठता. लोकांचं लक्ष उडतं."

"लागलेलं असतं का?"

"पटत नसेल तर सरळ सोडा ना हे चर्च. गावात दुसरी मंडळी आहे."

ते सुतळीला पीळ देत होते. "बाई, मी निघून जात नाही. मी बाहेर जातो. निघून जाणं वेगळं, बाहेर जाणं वेगळं. निघून गेलेला परत आला की विचारतात, आता कशाला आलास? बाहेर गेलेल्याला कोणी विचारत नाही."

"आणि बाहेर जाऊन करता काय?"

"चालतो."

समितीला मी कळवलं: भेट झाली, उपयोग झाला नाही.

काका संत वगैरे नव्हते, हे आधीच सांगून टाकते. तापट होते. एखाद्याचा राग धरला की पावसाळे जात. समितीतले ज्येष्ठ पंच म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब. त्यांच्याशी काका फक्त "सलाम" एवढंच बोलत, आणि तेही भिंतीकडे बघून.

त्या दोघांचं खरं वाजलं ते दुसऱ्या उपासनेवरून. आमच्या मंडळीत दोन तऱ्हेची माणसं होती. डहाणूतली, पिढ्यान्पिढ्या ख्रिस्ती, बाकांवर बसणारी. आणि तलासरीकडच्या एका पाड्यावरची वारली कुटुंबं, जी महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनासाठी, म्हणजे प्रभूच्या आठवणीने भाकर मोडून सगळ्यांनी वाटून घ्यायच्या विधीसाठी, जीपने येत. ती यायची तोवर बाकं भरलेली असत, म्हणून ती मागे सतरंजीवर बसत. त्यांची गाण्याची चाल आमच्यापेक्षा संथ होती. आमचं कडवं संपलं तरी मागून ओळ येतच राहायची. कोणाला ते आवडे, कोणाला नाही.

मॅनेजरसाहेबांनी ठराव मांडला: पाड्यावरच दुपारी वेगळी उपासना आणि वेगळं प्रभुभोजन. पाळक तिकडे जातील. "त्यांच्याच सोयीसाठी," साहेब म्हणाले. उन्हातान्हाचा प्रवास, कडेवरची मुलं, जीपची वाट बघणं, सगळं खरं होतं. वेळापत्रक मीच केलं. सोय म्हणून ती व्यवस्था मला आजही वाईट वाटत नाही, आणि यावरून काकांशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही.

"त्यांना विचारलं का कोणी?" ठराव सगळ्या मंडळीच्या बैठकीत आला, पाड्यावरचं कोणी हजर नव्हतं, तेव्हा काकांनी विचारलं.

कोणी विचारलं नव्हतं.

"तिकडे रोज जा. उपासना घ्या, शाळा घ्या, हवं ते करा. पण महिन्यातून एकदा तरी सगळ्यांची भाकर एका टेबलावर मोडू द्या. एवढं एकच तर आपल्याला करायला सांगितलं होतं."

ठराव मंजूर झाला. विरोधात एकटे काका. आपला नकार नावानिशी लिहून घ्या, असं त्यांनी मला सांगितलं. मग साहेब म्हणाले, "चला, मंडळीच्या एकीसाठी प्रार्थना करू." काका उठले. चहा आला तेव्हा ते परत आले आणि त्यांनी शांतपणे चहा घेतला.

आता हे जाणार, अशी सगळ्यांची खात्री होती. स्टेशनजवळ एक नवी मंडळी सुरू झाली होती, जोरात वाद्यं वाजत, खुर्च्या गाद्यांच्या. तिथल्या लोकांनी काकांना बोलावलं. काका एकदा जाऊन आले. मी विचारलं, "कशी आहेत माणसं?"

"चांगली आहेत. म्हणजे अजून ओळख झालेली नाही."

पुढच्या पहिल्या रविवारी ते उपासनेआधीच आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला इराण्याच्या बेकरीतला पाव, अख्खा, न कापलेला. त्याआधी आमच्याकडे कापलेला पाव यायचा. त्याच्या कडा काढत, पांढऱ्या भागाचे सारखे चौकोनी तुकडे करत आणि कडा साहेबांच्या कोंबड्यांना जात. काकांनी तुकड्यांची ताटली बाजूला सारली आणि पाव टेबलावर ठेवला. पाळक तरुण होते, पहिलीच नेमणूक. अख्खा पाव बघून गडबडले, मग त्यांनी तो हाताने मोडला. कडांसकट.

लोक एकेक करून पुढे गेले. सर्वांत शेवटी काका, हातात स्टीलचा उघडा डबा.

"अर्धा यात ठेवा."

"काका, हे काय?" पाळक हळूच म्हणाले.

"दुपारी पाड्यावर काय मोडणार?"

"तिकडे दुसरा पाव घेऊ ना."

"दुसरा नको. हाच."

पहिल्या बाकावरून साहेबांचा आवाज आला, "उपासनेतून पार्सल न्यायची पद्धत नाही."

"पार्सल नाही, साहेब. भेटकलम."

चर्चभर माणसं बघत होती. पाळकांनी अर्धा पाव डब्यात ठेवला.

तेव्हापासून दर पहिल्या रविवारी तो डबा तलासरीच्या जीपने जाऊ लागला. स्वतः काका मात्र सकाळी भाकर घेत नसत. भावाशी भांडण असेल तर आधी ते मिटवा, असं शास्त्रात लिहिलंय आणि साहेब मिटवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दुपारी पाड्यावर ते त्याच पावातला तुकडा घेत. "हा वकिली कावा झाला, काका," मी म्हणाले. "झाला," ते म्हणाले.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. जीपमध्ये धाकटी डहाणू गावच्या कोळणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या. काकांच्या मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात.

"काय हो, पापलेट का?" एकीने विचारलं. "एवढं जपून धरलंय ते."

"पाव आहे."

"मेला पाव! त्यात काय जपायचं?"

"तेच आमच्या लोकांना विचारतोय," काका म्हणाले. सगळी जीप हसली.

पाड्यावर उपासना लाडकीच्या अंगणात व्हायची. लाडकी पन्नाशीची, भाताची चार वाफ्यांची शेती आणि तोंड फटकळ. मंडळीतली सगळ्यात मोठ्याने गाणारी तीच. डबा उघडला तशी म्हणाली, "म्हाताऱ्या, आज तरी मऊ आनलास का? मागल्या येळी माझा दात हालला."

"तुझे दात आधीच हलतायत."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तिकडं आमाला बसाया जागा नाय, आन पाव तेवढा इकडं येतो. पाव तुमच्यापेक्षा शाना हाय."

मी डब्याचं झाकण पुसून बाजूला ठेवलं.

परतीच्या जीपची वाट बघताना मी काकांना विचारलंच. त्या दिवसांत मीही टोकाला आले होते. समितीत पडद्यांच्या रंगावरून दोन बैठका झाल्या होत्या, आणि घरी प्रार्थनेला बसलं की मला देवाऐवजी बैठकीतली माणसं दिसायची. "तुम्हाला राग येतो, पटत नाही, तुम्ही एकटे पडता. मग कशासाठी राहता? विश्वास घरीही ठेवता येतो."

"चर्चच्या मागे टाकीपाशी झाड आहे, पाहिलंय?"

पाहिलं होतं. बारक्या पानांचं, गर्द.

"कोण्या पाहुण्याच्या हस्ते चिकूचं कलम लावलं होतं तिथे. वरचा चिकू पहिल्याच उन्हाळ्यात मेला. खालून रायण फुटली. मला दिसत होतं, पण विचारलं नाही कोणी. या लोकांनी वर्षानुवर्षं त्याला पाणी घातलं, आळं केलं, कुंपण केलं, आणि दर हंगामात म्हणायचे, यंदा चिकू धरेल." ते खूप वेळ हसले. "आता त्याला रायणं लागतात. पाड्यावरची पोरं यायची तेव्हा झाड ओरबाडायची. साहेब म्हणतात, फुकट गेलं."

"म्हणजे कलम मेलं तरी मूळ जगतं. असंच ना?"

"ते सोपं झालं, बाई. मूळ जगलं ते पाण्यावर. आणि पाणी कोणी घातलं? याच लोकांनी. चुकीच्या आशेने घातलं, पण घातलं. घरात बसलो असतो तर मी एकट्याने किती घातलं असतं?"

जीप आली. आम्ही दाटीवाटीने बसलो. माझं समाधान झालं नव्हतं, त्यांचंही झालेलं दिसत नव्हतं. ते वाटभर रिकामा डबा उघडझाप करत होते.

२०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे हादरे बसू लागले. भांडी वाजत, भिंतींना तडे जात, पाड्यांवर लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपू लागले. एका रविवारी ऐन उपासनेत हादरा बसला. क्षणात चर्च रिकामं झालं. साहेब सगळ्यांत पुढे, पाळक झगा उचलून धावतायत, मी हातात वही घेऊन. अंगणात मी डोकी मोजली. एक कमी. आत डोकावले तर काका आपल्या बाकावर निवांत बसलेले. वर्षानुवर्षं बाहेर जाणारा एकच माणूस, तो तेवढा आत.

"काका, बाहेर या! कळत नाही का?"

"का?" ते म्हणाले. "आत्ता कोणी खोटं बोललं नव्हतं."

पुढच्या पावसाळ्यात ते मचाणावरून पडले. मांडीचं हाड मोडलं, पाय प्लॅस्टरमध्ये. पहिला रविवार आला. टेबलावर पुन्हा कापलेला पाव, कडा काढलेला, सारख्या तुकड्यांचा. दुपारी पाळक पाड्यावर दुसरं पाकीट घेऊन गेले. डबा घोलवडला काकांच्या फडताळात पडून राहिला.

त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी दुसरं गाणं चालू असताना मुख्य दारातून लाडकी आली. एकटीच, पावसात भिजलेली, पदराखाली काहीतरी धरलेलं. सतरंजीकडे न बघता ती मधल्या वाटेने सरळ टेबलापर्यंत गेली आणि सागाच्या पानातली नागलीची भाकरी तिने तुकड्यांच्या ताटलीशेजारी ठेवली. काळपट, जाड, हाताएवढी.

"म्हातारा नाय आला, पाव नाय आला," ती पाळकांना म्हणाली. "मंग आमची आनली. अर्धी मोडा. अर्धी मी नेतंय."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, हे कार्यक्रमात आहे?"

"नाही."

"मग?"

"आता लिहून घेते," मी म्हणाले, आणि लिहिलं.

पाळक भाकरीकडे बघत राहिले. त्यांचे हात टेबलाच्या कडेवर होते. मग त्यांनी तुकड्यांच्या ताटलीवर रुमाल टाकला, भाकरी उचलली आणि मोडली. सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज झाला. लाडकी पहिल्या बाकावर, साहेबांच्या शेजारी बसली. तिथे जागा होती. तिथे नेहमीच जागा असायची.

दुसऱ्या दिवशी मी घोलवडला गेले. काका खाटेवर, पाय उशीवर. मी क्रमाने सगळं सांगितलं.

"मोडली का पाळकांनी?"

"मोडली."

"साहेबांनी घेतली?"

"घेतली. चावायला वेळ लागला."

ते इतके हसले की पाय दुखला आणि स्वतःवरच ओरडले. मग म्हणाले, "आणि त्या दोन उपासना?"

"आहेत तशाच. बैठकीत विषय निघाला नाही."

हसू गेलं. सुतळीचा एक तुकडा बोटाला गुंडाळत, सोडत राहिले. "मी इथे पडलोय. फेरी कोण मारतं?"

"कोणी नाही."

"असं? मग हल्ली सगळे खरंच बोलत असतील." त्यांनी आत हाक मारली. काकू डबा घेऊन आल्या. "न्या. बेकरीवाल्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं. कापू नको म्हणून दोनदा सांगा, तो विसरतो."

पुढच्या पहिल्या रविवारी टेबलावर अख्खा पाव होता आणि माझ्या बाकावर डबा. बाराची जीप गाठायची होती. सूचनांच्या वेळी साहेब उभे राहिले. दोन उपासनांमुळे मंडळी कशी वाढली ते त्यांनी सांगितलं. मी लिहून घेत होते. मग ते म्हणाले, पाड्यावरच्या बंधुभगिनींचाही याला आनंदाने पाठिंबा आहे, आपण सगळे एक कुटुंब आहोत.

वाक्य अर्धं लिहून झालं होतं. मी पेनाला टोपण लावलं, वही बाकावर ठेवली आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले.

फेरी वाटते त्यापेक्षा लांब आहे. दाराबाहेर गवत होतं, पण भिंतीच्या कडेने एक निरुंद वाट पडलेली होती, एकाच माणसाच्या पायांनी पडावी तेवढी. टाकीपाशी रायण ठिबकत होती. तिथे मागच्या भिंतीला फक्त उंचावर जाळी आहे. आतलं कोणी दिसत नाही. आत गाणं सुरू झालं आणि मला कळलं, ते इथे काय करत होते. आत बसलं की माणसं दिसतात: याने काय केलं, ती काय म्हणाली. इथे फक्त गाणं येतं. साहेब कोणते, पाळक कोणते, पडद्यांवरून भांडलेल्या बाई कोणत्या, काही ओळखता येत नाही. कडवं संपलं. सवयीने मी मागून येणाऱ्या त्या संथ ओळीसाठी थांबले. ती आली नाही.

मग मात्र मी झपाझप चालले, अंगणातून वळून मुख्य दाराने आत आले. साहेबांनी मान वळवून पाहिलं. मी माझ्या जागेवर बसले आणि डबा मांडीवर घेतला. प्रभुभोजन अजून व्हायचं होतं.